आमची थोरली बेडकं मोजती

आल्याचा सौदा ठरवायला व्यापारी शेतावर आला होता. आमच्याकडे आलं किलोवर नाही, गाडीवर विकतात. एक गाडी म्हणजे ५०० किलो. गाडीला काय दर बसतो यावर अण्णांची आणि त्याची अर्धा तास घासाघीस झाली, चहा झाला, आणि उठता उठता त्यानं विचारलं, "थोरली काय करती आता?"

"बेडकं मोजती," अण्णा म्हणाले.

व्यापारी पुढच्या वाक्याची वाट बघत थांबला. अण्णांकडे पुढचं वाक्य नव्हतं. शेवटी त्यानंच विचारलं, "सरकारी हाय का?"

"न्हाई."

"मग पैसं?"

"देत्यात की."

हे मला आईनं फोनवर सांगितलं, हसत हसत. पण हसण्याच्या शेवटी ती जरा थांबली, ते मला ऐकू आलं.

मी कोरेगाव तालुक्यातली. रहिमतपूरच्या बाजूला आमची दीड एकर जमीन आहे. घरात याआधी कुणी जंगलाशी संबंधित काही केलेलं नाही. चुलत्यानं एकदा बांधावरचं बाभळीचं झाड तोडलं आणि फॉरेस्टवाल्यांनी बोलावलं, तेवढाच संबंध. गेल्या महिन्यात मावशीच्या जावेची मुलगी घरी आली होती. बारावी झाली आहे, "वाइल्डलाइफमध्ये करिअर" करायचंय, पहिली इंटर्नशिप कशी मिळवायची, असं विचारत होती. आईनं पोहे केले, मी दोन तास बोलले, आणि ती गेल्यावर लक्षात आलं की सांगायचं तेच राहिलं. वाघ, बिबट्या, कॅमेरे यावरच बोलणं झालं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात सज्जनगडावर झाली. दासनवमीला आम्ही सगळे गडावर जायचो, दर्शन, प्रसाद, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. वीसेक वेळा तरी त्या पायऱ्या चढले असेन. साताऱ्यात बीएस्सीला होते, तेव्हा बॉटनीच्या मॅडम पावसाळ्याच्या अखेरीस आम्हाला तिथंच घेऊन गेल्या. आम्ही मनातल्या मनात कुरकुरलो की ही काय सहल. मॅडमनी देवळाकडे न नेता एका वळणावर उभं केलं आणि कड्याच्या भेगेत वाढलेल्या एका लोंबत्या, मांसल झाडोऱ्याकडे बोट दाखवलं. त्याला चांदणीसारखं गडद लाल फूल होतं, वर पिवळे शिंतोडे. शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, साताऱ्यात ब्रिटिशांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, म्हणून राहिलेल्या बार्टल फ्रियरच्या नावावरून ठेवलेलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं एकेकाळी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींमध्ये हिचं नाव घातलं होतं. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर ती आहे, आणि त्यातला एक कडा मी लहानपणापासून चढत होते. चप्पल सांभाळायची, आज्जीचा हात धरायचा, या नादात कधी डावीकडे मान वळवली नव्हती.

त्या दिवशी मी घरी जाऊन काही मोठा निश्चय वगैरे केला नाही. फक्त डावीकडे बघायची सवय लागली.

पुढचा टप्पा लाजिरवाणा आहे, तो पटकन सांगते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मोबाइलवर एक जाहिरात आली: दहा दिवसांची वन्यजीव इंटर्नशिप, परराज्यात, प्रमाणपत्रासह, १२ हजार रुपये. त्या वर्षी आल्याला बरा दर होता. अण्णांनी काही न विचारता पैसे दिले. दहा दिवसांत आम्ही चार वेळा जीपमधून फिरलो, दोन माहितीपट पाहिले, एका रिसॉर्टच्या आवारात पक्ष्यांची नावं लिहिली आणि ती यादी कुणीही गोळा केली नाही. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर होतं. नाव नाही सांगत, कारण अशी दुकानं आता इतकी आहेत की एकाचं नाव घेऊन बाकीच्यांवर उपकार कशाला करायचे.

पैसे घेणारं सगळंच खोटं असतं असं नाही. जेवणाखाण्याचा, राहण्याचा खर्च लहान संस्थेला परवडत नाही आणि ती तो मागते, ते समजू शकते. पण त्या मुलीला मी एवढं नक्की सांगितलं की आधी विचार, "मी तिथं काय मोजणार आहे, आणि मी लिहिलेला कागद पुढं कुणाकडे जाणार आहे?" उत्तर देताना समोरचा माणूस निसर्गाच्या सान्निध्याबद्दल बोलायला लागला तर फोन ठेव.

तिसऱ्या वर्षाला मी मेल पाठवायला सुरुवात केली. ३१ मेल पाठवले. चारांना उत्तरं आली, त्यातली तीन "सध्या जागा नाही" अशी. आज ते मेल वाचले तर कानशिलं तापतात. "लहानपणापासून मला प्राण्यांविषयी अतीव प्रेम आहे" असं इंग्रजीत, तेही नेटवरून उचललेल्या वाक्यांत. बत्तिसावा मेल मी चिडून लिहिला. त्यात लिहिलं की मला कच्च्या रस्त्यावर मोटरसायकल चालवता येते, पावसात भिजण्याची सवय आहे, गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येतं, चाळीस पक्षी आवाजावरून ओळखते, अक्षर चांगलं आहे, आणि १ जूनपासून चार महिने मोकळी आहे. दुसऱ्या दिवशी फोन आला. कोयनेच्या परिसरात उभयचरांवर पीएचडी करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी प्रेमाबद्दल काही विचारलं नाही. "मोटरसायकल गिअरची ना?" एवढंच विचारलं. महिना ६ हजार आणि राहायला खोली.

अभयारण्याच्या हद्दीत काम करायचं तर नागपूरहून, मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, संशोधनाची परवानगी लागते. ती येता येता माणूस निम्मा होतो. ताईंची परवानगी आली तोवर पहिला पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस आम्ही हद्दीबाहेरच्या सड्यांवर काढले. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्यावर वीतभर खोल पाण्याची हजार डबकी साठतात. आमचा प्राणी त्या डबक्यांतला. कोयना भेक, एक छोटा बेडूक. मोठा नर माझ्या अंगठ्याच्या पेराहून फार मोठा नाही, अंगावर खरखरीत पुटकुळ्या, आणि बगलेत हळदीचं बोट लावल्यासारखे पिवळे ठिपके. धरणाचं काम चालू होतं त्या काळात, १९६३ साली, याच परिसरातून तो शास्त्राला कळला. २००९ मध्ये त्याला आणि आंबोलीच्या त्याच्या भाऊबंदाला मिळून स्वतंत्र प्रजातीगट दिला गेला, झँथोफ्रायनी; त्या नावातच पिवळा रंग आहे. त्या गटात जगात हे दोघंच. आंबोलीचा अतिसंकटग्रस्त, आमचा संकटग्रस्त. नेमक्या कुठल्या सड्यावर काम केलं ते लिहीत नाही, आणि तुम्हीही कधी असं काही सापडलं तर नकाशावर टाचणी मारून टाकू नका. कासच्या फुलांच्या पठारावर गर्दीनं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

काम असं: सड्यावर १०० मीटरच्या सहा रेषा आखलेल्या. रात्री हेडटॉर्च लावून रेषेवरून चालायचं, दोन्ही बाजूंना एकेक मीटर बघायचं. दर दहा मीटरला कागदावर एक ओळ: वेळ, तापमान, हवेतला ओलावा, डबक्याची खोली, भेक किती, अंडी आहेत का, बेडूकमासे आहेत का. पेन चालत नाही, शिसपेन्सिल. हाताला डास पळवायचं मलम लावायचं नाही, बेडकाची कातडी ते शोषून घेते. एका सड्यावरून दुसऱ्यावर जाताना बुटांचे तळवे ब्लीचच्या पाण्यात धुवायचे, कारण कायट्रिड नावाच्या बुरशीनं जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्यात आणि ती ओल्या बुटावरूनही प्रवास करते. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, हे काय, सोवळ्यातलं काम.

जळवांबद्दल सगळे लिहितात म्हणून मी लिहीत नाही. पाळीच्या दिवसांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते: आठ तास सड्यावर, आडोसा नाही, कपडे वाळत नाहीत. ताईंनी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, काय वापरतेस, किती लागेल, त्या दिवसांत रेषा कमी करू का. मुलींनो, इंटर्नशिप घेताना समोरची व्यक्ती हा विषय काढू शकते का, तेही बघा.

आमच्या बरोबर एक मामा असायचे. जवळच्या वाडीतले, वनखात्याकडे हंगामी मजूर म्हणून वर्षानुवर्षं काम केलेले. पायात साधे पावसाळी बूट, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात कारवीची काठी. त्यांना झँथोफ्रायनी म्हणता यायचं नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. दगडाखालून येणारा आवाज ऐकून "ह्यो न्हवं, ह्यो दुसरा" असं सांगायचे, आणि बरोबर असायचं.

पहिल्या महिन्यात मी केलेल्या चुकांपैकी एक अजून चेष्टेचा विषय आहे. जीपीएसवर आकडे अंश आणि मिनिटांत येत होते, म्हणजे ७३ अंश ४५ मिनिटं असं. मी ते लॅपटॉपवर भरताना ७३.४५ असे भरले. पण ४५ मिनिटं म्हणजे पाऊण अंश, ७३.७५. ताईंनी नकाशा उघडला तर कोयनेचे सगळे भेक घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात जाऊन बसले होते. दोन रात्री जागून १९० नोंदी परत भरल्या.

ती चूक होती. दुसरं जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही.

जुलैचा मध्य. नवज्याकडे जसा कोसळतो तसा पाऊस लागला होता आणि आमच्या रेषांवर भेक दिसेनासे झाले होते. पहिल्या सरींमध्ये जोड्या, अंडी, सगळा गलका होता. आता एक रात्र शून्य, दुसरी रात्र शून्य. कागदावर शून्यांचा उभा खांब तयार व्हायला लागला. चौथ्या रात्री मी सहाव्या रेषेवर होते. ताई दुसऱ्या टोकाच्या सड्यावर, मामा खाली छपरापाशी. पावणेदोन वाजलेले. धुकं एवढं की टॉर्चचा उजेड परत आपल्याच तोंडावर यायचा. सत्तर मीटरपाशी पोचले आणि कारवीच्या रानातून फुर्रर्र असा जोरात श्वास सोडल्याचा आवाज आला. गवा असणार. मी तिथंच उभी राहिले, मग वळले. छपराकडे येता येता उरलेल्या तीन ओळींत ०, ०, ० लिहून टाकलं. चार रात्री काही दिसलं नव्हतं, शेवटच्या तीस मीटरात काय दिसणार होतं?

सकाळी चहा घेताना मामा म्हणाले, "रातच्याला वर टोकापातूर गेली न्हाईस न्हवं?"

मी काहीच बोलले नाही.

"बॅटरी दिसती गं खालनं. मदीच फिरली." मग कपातला चहा बशीत ओतत त्यांनी विचारलं, "मग कागदावर काय लिवलंस?"

"शून्य."

"गेलीच न्हाईस, तर ह्ये शून्य कुणाचं?"

गव्याची भीती वाटली हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. उलट म्हणाले की वळलीस ते चांगलं केलंस. फक्त ते शून्य त्यांना पटत नव्हतं. मी ताईंकडे जाऊन सांगितलं. मला वाटलं घरी पाठवतील. त्यांनी खोडरबर घेतलं, तीन शून्यं पुसली आणि त्या जागी तीन आडव्या रेघा मारल्या. आणि मला अर्धा तास बसवून जे सांगितलं, त्यावर माझी पुढची सगळी नोकरी उभी आहे.

शून्य म्हणजे मी तिथं गेले, बघितलं, दिसला नाही. रेघ म्हणजे मी बघितलंच नाही. कागदावर दोन्ही रिकाम्यासारखीच दिसतात. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन घेतलेल्या खऱ्या शून्यांवरूनच हिशेब करता येतो की प्राणी "नाही" आणि "असून दिसला नाही" यात किती अंतर आहे. तीन फेऱ्यांत एकदाच दिसला, तर उरलेली दोन शून्यंसुद्धा माहिती देतात: हा प्राणी असताना दिसण्याची शक्यता किती आहे ते. त्यात एक खोटं शून्य घुसलं की गणित चुकतं, आणि ते कुणाला कळतही नाही. दुर्मिळ प्राण्यांच्या बाबतीत तर बहुतेक कागद शून्यांचेच असतात. दिसलेला भेक मोजायला कुणीही येईल.

त्या रात्री मामांना बरोबर घेऊन मी सहाव्या रेषेच्या टोकापर्यंत गेले. काही नव्हतं. तीन शून्यं लिहिली.

नंतर मी जिथं जिथं गेले तिथं हेच दिसत राहिलं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. रील काढायला जातात सगळे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथं काम करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले: जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी, आणि पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. शिवाय धीट, माणूस बराच जवळ गेल्याशिवाय पळत नाहीत. हा सरडा म्हणजे नराच्या गळ्याला निळा, काळा, नारिंगी पंखा फुलतो तो. त्याच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नावच 'सरडा' आहे, आपल्या मराठीवरून घेतलेलं. एवढं साधं नाव शास्त्रात शिरलेलं बघून मला आपल्याच गल्लीतलं पोरगं टीव्हीवर दिसल्यासारखा आनंद झाला होता. पण मुद्दा पक्ष्यांचा. तिथं कुणीतरी तासन्‌तास आभाळाकडे बघत बसून "ससाणा नाही, घार नाही" असं लिहिलं, म्हणून हे कळलं. न दिसलेल्या घारींची नोंद.

आणि आपला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये तो जाहीर झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला, साधारण ११६५ चौरस किलोमीटर. "वाघ नसलेला व्याघ्र प्रकल्प" म्हणून लोकांनी किती चेष्टा केली. २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला, मग २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून वाघीण आणून चांदोलीत सोडली. बातम्या या तीन दिवसांच्या झाल्या. मधल्या वर्षांत दर गणनेला वनरक्षक प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे आपापल्या हद्दीत, तीन दिवस, रोज किमान पाच किलोमीटर, ठसे आणि विष्ठा शोधत चालले, आणि मग तीन दिवस दोन किलोमीटरच्या रेषेवरून हरीण-भेकर मोजत चालले. मी एकदा स्वयंसेवक म्हणून त्यात होते. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबरच्या वनरक्षक ताईनं (माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पाठीवर पाच लिटर पाणी) अॅपमध्ये "काही नाही" भरलं आणि म्हणाली, "चला, एक बीट पक्कं झालं." मला तिला मामांकडे न्यावंसं वाटलं.

कोयनेनंतरचा हिवाळा माण तालुक्यात काढला. लांडग्यांचं काम. पाऊस मिलिमीटरमध्ये नाही, आठवणींमध्ये मोजावा असा मुलूख. कोयनेहून एसटीनं एका दिवसात पोचलं तरी दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटतं. ओढ्यांच्या काठानं १२ कॅमेरे लावले. एक चोरीला गेला, एकावर मधमाश्यांनी पोळं धरलं. तीन महिन्यांत चार हजारांवर फोटो आले: शेळ्या, मेंढ्या, कुत्री, एका आज्जींचे नऊ फोटो (त्यांना कॅमेरा आवडला असावा), आणि लांडग्याचे सात. ते फोटो एकेक करून बघत, कुत्रा की लांडगा, हे ठरवत बसायचं. ते वाटतं तितकं सोपं नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे "रंग जरा वेगळा दिसतोय" असं म्हणून सोडून देता येत नाही.

दिवसा धनगरांच्या बिऱ्हाडांवर जाऊन प्रश्नावली भरायची. इथं माझी रहिमतपुरी बोली कामाला आली. पहिल्या दिवशी मी छापील प्रश्न वाचला, "गेल्या वर्षभरात वन्यप्राण्यांमुळे पशुधनाचे किती नुकसान झाले?" आणि समोरचे आबा गप्प. दुसऱ्या दिवशी वाघरीपाशी, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीपाशी, बसले, कोकराला दूध पाजायला मदत केली, आणि विचारलं, "आबा, औंदा किती नेली?" तासभर बोलले. किती नेली, कुठं नेली, कुठल्या ओढ्यातून आला, कुत्रं कुठं होतं. भरपाईसाठी अर्ज का करत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "पंचनाम्याला माणूस यायचा तवर आमचं बिऱ्हाड चार कोसावर गेल्यालं आसतंय." म्हणजे सरकारी दप्तरात त्या गावात लांडग्यानं नेलेल्या मेंढ्या शून्य. हेही कुणाचं तरी शून्य. बघायला कुणी न गेलेलं.

आणि जो माळ लांडग्याचा, खोकडाचा, धाविक पक्ष्याचा, तो कागदोपत्री "पडीक". मग तिथं चर खणायचे, खड्डे घ्यायचे, झाडं लावायची, फोटो काढायचा. झाडं लावणं चांगलं असतं हे आपल्याला पहिलीपासून शिकवलंय, त्यामुळे गवताची बाजू घेऊन बोलणारा माणूस वेडाच वाटतो. गावच्या सरपंचांशी मी या विषयावर एकदा वाद घातला आणि हरले. पुन्हा घालीन.

आता पैशाचं, कारण त्या मुलीच्या आईचा खरा प्रश्न तोच होता. पहिल्या कामाला ६ हजार, माणमध्ये ९, मग एमएस्सीची दोन वर्षं उलट खर्चाची, मग एका प्रकल्पावर १८ आणि आता २८ हजार. प्रकल्प संपला की पगार संपतो. दर मार्चमध्ये पोटात गोळा येतो. धाकटा पोलिस भरतीची तयारी करतोय आणि घरात त्याच्या तयारीला तयारी म्हणतात, माझ्या कामाला अजून "तिचं ते". फुकट राबवून घेणाऱ्या इंटर्नशिपा ज्यांच्या घरी दुसरं उत्पन्न आहे त्यांनाच परवडतात, आणि म्हणून या क्षेत्रात एकाच प्रकारची माणसं जास्त दिसतात. हे मी बैठकींत बोलते, माना डोलावल्या जातात.

वाटा अनेक आहेत. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेची एमएस्सी आहे, बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची आहे, पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची आहे. प्रवेश परीक्षेनंतरच्या मुलाखतीत फील्डवर काय केलंस, हेच खोदून विचारतात. मला रत्नागिरीला गेलेल्या बेडकांबद्दल सांगून हसू मिळालं होतं. एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक होता येतं. आणि वनरक्षकाची भरती आहे, विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी, मुलींना तीन किलोमीटर धावणं. तिच्याकडे लोक "फक्त गार्ड" म्हणून बघतात. कायमची नोकरी, रोज जंगलात पाय, आणि हद्दीतल्या प्रत्येक ओढ्याची माहिती. माझ्यासारखे प्रकल्पावरचे लोक येतात आणि जातात. पंधरा वर्षांनी त्या ओढ्याबद्दल विचारायला वनरक्षकांकडेच यावं लागतं. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा पडला. तिला कॅमेरा हवा होता. मिळेल की, कॅमेरा पण मिळेल.

मामा आता सड्यावर येत नाहीत, गुडघे गेले. यंदा जूनमध्ये माझ्या हाताखाली तासगावची एक इंटर्न होती. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या रेषेच्या मध्यावर ओढ्याला पाणी आलं आणि पलीकडे जाता येईना. तिनं पावसात वाकून, कागदावर हाताचा आडोसा धरून विचारलं, "ताई, पुढच्या चार ओळींत काय लिहू?"

"गेलीस का पलीकडं?"

"नाही."

"मग रेघ मार."

तिनं चार रेघा मारल्या, पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. खोलीवर आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. मोबाइलला रेंज आली आणि अण्णांचा रात्रीचा मिस्ड कॉल दिसला. ते पहाटे चारला उठतात, पाण्याची पाळी असते. थोडं थांबून लावला.

"आज किती?"

"शून्य."

"बरं," अण्णा म्हणाले. मागं मोटारीचा आवाज येत होता. "जेवलीस का?"